एकोणिसाव्या शतकातला खून आणि अर्ध्या तासाचा फरक

जुन्या मुंबई-पुण्यात रहस्यकथा घडवायची म्हटलं की लिहिणारे आधी पगड्या, बग्ग्या आणि समया गोळा करतात. ते सगळं नंतर केलं तरी चालतं. आधी घड्याळ लावा, कारण त्या काळाचं सगळ्यात सुंदर कोडं त्या घड्याळातच आहे.

मुंबई तेव्हा स्वतःच्या स्थानिक वेळेवर चालत होती. रेल्वेने मात्र १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ धरली, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे बोरीबंदरला सहाची गाडी लागली तेव्हा गिरगावातल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाचच वाजलेले असायचे. आता बघा. शेजारीण सांगते, किंकाळी पावणेसहाला ऐकू आली. संशयित सांगतो, मी पुण्याहून सहाच्या गाडीने उतरलो. वेळापत्रक, तिकीट, हमाल, सगळे त्याच्या बाजूने. वाचक त्याला सोडून देतो. प्रत्यक्षात तो साडेपाचलाच उतरलेला असतो आणि त्याच्या हाताशी पाव तास असतो. घटनास्थळ मात्र स्टेशनपासून पाव तासाच्या आतच ठेवा. टांगा मिळाला, गर्दी लागली नाही, असल्या योगायोगांवर पाव तास जुळवला की कोडं लंगडतं.

हा फरक शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा सांगणं ही शुद्ध फसवणूक. पहिल्या वीस पानांतच कुणीतरी फलाटावर उतरून खिशातलं घड्याळ मागे करताना दिसू द्या. कारण सांगू नका. वर्षही जपून निवडा. १८८१ मध्ये सरकारने मुंबईत कचेऱ्यांना मद्रास वेळ लावायचा प्रयत्न केला, लोकांनी विरोध केला आणि १८८३ मध्ये तो मागे घेतला गेला. या दोन वर्षांत कथा ठेवलीत तर स्टेशनाबाहेर शहरातही दोन वेळा चालतात आणि साधी युक्ती विनाकारण गुंतते. पुण्याची स्थानिक वेळ मुंबईच्या चारेक मिनिटं पुढे, तेव्हा तिथे रेल्वेचा फरक तीसऐवजी सव्वीस मिनिटांचा धरा.

घड्याळ नसलेला साक्षीदार घटकांत बोलेल. एक घटका चोवीस मिनिटांची. 'चार घटका रात्र झाली होती' म्हणजे सूर्यास्तानंतर शहाण्णव मिनिटं, आणि सूर्यास्त पौषात वेगळा, ज्येष्ठात वेगळा. त्या दिवसाचा सूर्यास्त काढल्याशिवाय हे वाक्य लिहू नये. शिवाय आपला वार सूर्योदयाला बदलतो, कोर्टाचा मध्यरात्री. पहाटे दोनला घडलेली गोष्ट आजीबाई 'सोमवारी रात्री' म्हणून सांगतील आणि इंग्रज न्यायाधीश मंगळवार लिहून घेईल. दोघेही खरं बोलतात. अशी विसंगती रचून मिळत नाही, ती काळच देतो.

विषाकडे वळताना विलायती कथेचा साचा बाजूला ठेवावा लागतो. तिकडे संशय आला की थडगं उकरून प्रेत तपासतात. इथे हिंदू घरातला मृतदेह बहुतेकदा त्याच दिवशी चितेवर जातो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जळतो. सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, ओळख पटवणारी मार्शची चाचणी १८३६ पासून होती, पण चाचणीला काहीतरी हातात हवं: वांती, उरलेलं अन्न, भांड्याच्या तळाचा गाळ. म्हणून कथेचा पहिला ताण 'ते भांडं घासलं गेलं का?' हाच असायला हवा. बडोद्याचं १८७४ चं प्रकरण याच मुद्द्यावर अभ्यासण्यासारखं आहे. रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी सरबत थोडंसं घेतलं, चव बिघडलेली वाटली म्हणून ओतून दिलं, पण पेल्याच्या तळाशी गाळ राहिला आणि तो तपासायला गेला. त्यात सोमल निघाला. संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला आणि चौकशी करणाऱ्या सहा सदस्यांची मतं तीन-तीन अशी विभागली. तरीही १८७५ मध्ये त्यांना गादीवरून दूर केलं गेलं. पेल्यात विष होतं हे सिद्ध होणं आणि ते कुणी घातलं हे सिद्ध होणं यांत किती अंतर असतं, ते इथे दिसतं. चांगली रहस्यकथा याच अंतरात राहते.

शेवटी फौजदाराने दरडावलं आणि गुन्हेगाराने कबूल केलं, हा शेवट १८६१ च्या फौजदारी कायद्यानंतर कोर्टात उभा राहत नाही. पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नव्हता. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही तेच. तुमच्या तपास करणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपर्यंत पोचावं लागेल किंवा वस्तूंवरच खटला उभारावा लागेल. बोटांच्या ठशांची आशा नको, कलकत्त्याचं ठसे-कार्यालय १८९७ चं. पोस्टकार्डही १ जुलै १८७९ च्या आधी नाही. ते पाव आण्याचं होतं आणि वाटेत कुणीही वाचू शकत होतं, ही त्याची खरी गंमत.

पत्र म्हटलं की मोडी आली. मोडीत शब्द सुटे करत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, पण मोडीत दोन्ही एकसारखेच दिसतात. मग सूतव्यापाऱ्याला आलेल्या पत्रातलं 'सूत घरी नाही' हे मालाबद्दल आहे की मुलाबद्दल? छापताना मात्र आपल्याला एकच वेलांटी-उकार निवडावा लागतो आणि तिथे बहुतेकांची अडचण होते. उपाय सोपा आहे. वाचकासमोर मूळ पत्र ठेवूच नका. कारकुनाने कोर्टासाठी केलेली बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल ठेवा. चूक त्या कारकुनाच्या उकाराची. पत्र लिहिणारा शास्त्रीबुवा असू द्या, म्हणजे त्याच्या तोंडी 'सुत' खटकणार नाही. आणि वाक्य 'नाही'पाशीच तोडा. पुढे 'गेला' किंवा 'गेले' आलं की लिंगावरून गाठ लगेच सुटते.