दोन गुंठ्यांचा कागद

विधान परिषदेतल्या एका रिक्त जागेवर उरलेल्या काळापुरती माझी निवड झाली होती. मुदत संपली, तसा मी परत तालुक्याच्या कोर्टात वकिलीला आलो. 2019 मधली गोष्ट. मार्केट यार्डातले एक हमाल आले. 1994 साली त्यांनी दोन गुंठे जागा रीतसर खरेदीखत करून घेतली, दोन खोल्या बांधल्या, मुलींची लग्नं तिथूनच लावली. पण सातबाऱ्यावर नाव नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकड्याचा व्यवहार चालत नव्हता, म्हणून फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, नामंजूर झालेला.

मी उत्साहाने सांगितलं, "तात्या, आता मार्ग आहे. 2017 ची दुरुस्ती आहे. पैसे भरले की व्यवहार नियमित होतो."

"किती?"

"बाजारमूल्याच्या 25 टक्के."

रेडीरेकनर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांचा तक्ता, काढला. जागेची किंमत 4 लाख 80 हजार. म्हणजे 1 लाख 20 हजार भरायचे. तात्यांनी अख्खी जागाच नऊ हजारांना घेतली होती.

हे विधेयक सभागृहात आलं तेव्हा मी बाकावर होतो. सभापतींनी विचारलं, सगळ्यांनी 'होय' म्हटलं, मीही म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले व्यवहार सुटणार म्हणून मला मनापासून आनंद झाला होता. 25 टक्के कशाचे, खरेदीच्या वेळच्या किमतीचे की आजच्या, हे उठून विचारावं असं सुचलं नाही. वकिलीत हा प्रश्न मी पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता. पुढे काही वर्षांनी ती रक्कम 5 टक्क्यांवर आली, पण त्या दुपारी समोर आकडा होता तो 25 चाच.

तात्यांनी चष्मा पुसला. "वकीलसाहेब, तुम्ही आमदार होता ना तेव्हा? हे कुणी ठरवलं?"

"आम्ही," मी म्हणालो. "मीही त्यात होतो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. खरेदीखताची घडी घालून त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, पिशवीला दोनदा रबर लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "हप्ते पाडून देतील का?"

मी दुरुस्तीची प्रत पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.