वर्गातला शांत कोपरा, नागपूरच्या हवेला झेपेल असा

गोंगाटाने, गर्दीने बेचैन झालेल्या मुलाने थोडा वेळ बसून शांत व्हायची वर्गातली जागा म्हणजे शांत कोपरा. नेटवरच्या फोटोंत तिथे हमखास कापडी तंबू दिसतो. नागपुरात तो घेऊ नका. उन्हाळा लागला की त्यात पंख्याची हवा शिरत नाही आणि आधीच बेचैन असलेलं मूल घामाघूम होऊन आणखी चिडतं. वरून उघडा, दोन बाजूंनी आडोसा असलेला चार बाय पाच फुटांचा कोपरा पुरतो.

जागा ठरवताना आधी कूलर कुठे आहे ते बघा. त्याचा झोत आणि मोटारीची घरघर, दोन्हींपासून लांब जा. टाकीतलं पाणी शिळं झालं की कूलरच्या गवताला येणारा वासही काही मुलांना सोसत नाही. मोठ्यांना तो सवयीने जाणवत नाही. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तीही नको. आडोशाला तीन फुटी बुटकं कपाट चालतं. बसलेल्या मुलाला वर्ग दिसत नाही, उभ्या शिक्षकाला मूल दिसतं. मुलं कपाटाला रेलतातच, म्हणून ते एल-पट्टीने भिंतीला स्क्रू करा.

जुन्या चोकची ट्यूबलाइट गुणगुणते, लुकलुकते. कोपऱ्यावरच्या ट्यूबला वेगळं बटण करून घ्या. तिच्यावर कापड किंवा रंगीत कागद बांधायचा नाही, आगीचा धोका असतो. भिंतीवरचे तक्ते, सुविचार, पताका सगळं उतरवा. शाळांना हे सर्वांत जड जातं, पण निम्मं काम इथेच होतं.

खाली सतरंजी आणि त्यावर सुती खोळीची पातळ गादी. काथ्याची चटई टोचते, रेक्झिन घामाने अंगाला चिकटतं.

मूल स्थिर बसावं म्हणून मांडीवर ठेवायची वजनाची उशी घरी शिवता येते. वीस किलोच्या मुलाला एक किलोची पुरे. गांधीबागेतून जाडसर सुती कापड आणा आणि 30 बाय 45 सेंटिमीटरची पिशवी शिवा. तिच्यात 12 चौकोनी कप्पे पाडून प्रत्येकात साधारण 80 ग्रॅम भरा. कप्पे नसले तर सगळं वजन एका टोकाला सरकतं. भरायला तांदूळ किंवा राजमा सुचवतात. पावसाळ्यात त्याला कीड आणि बुरशी लागते, उंदीर येतात ते वेगळेच. धुऊन वाळवलेली बारीक गोल खडी बरी, शिवण मात्र दुहेरी हवी. उशी मांडीवरच ठेवायची, छातीवर किंवा मानेवर नाही, आणि मुलाला ती स्वतः बाजूला करता आली पाहिजे.

हलवून चमकी हळूहळू खाली बसताना बघायच्या बाटलीसाठी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. एक तृतीयांश पारदर्शक गोंद, बाकी कोमट पाणी, दोन छोटे चमचे चमकी. पांढरा गोंद वापरला तर पाणी दुधाळ होऊन काहीच दिसत नाही. चमकी झटकन खाली बसत असेल तर गोंद वाढवा, तरंगतच राहिली तर पाणी. झाकण एम-सीलने बंद करा.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी वर्गात आणूच नका. गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. फुग्यात पीठ भरलेले चेंडूही फुटतात. दाबायला साधा स्पंज बरा, शिवाय भिंतीला दोन्ही तळहातांनी दहा वेळा जोर लावायला पैसेही लागत नाहीत.

वस्तू तीन-चारच ठेवा. एका वेळी एकच मूल, आणि पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ; टिकटिकणारं नको. वापर शिकवायचा तो मूल शांत असताना, चित्रांच्या कार्डांवरून. रडारड सुरू झाल्यावर सूचना डोक्यात शिरत नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच तिथे जायचं असतं, तेव्हा पाळी लावा, नवलाई ओसरते. शिक्षा म्हणून एकदा जरी कुणाला तिथे बसवलं, तर दुसऱ्या दिवसापासून ज्याला गरज आहे तेही जाणार नाही.

मागे एक वही ठेवा: तारीख, तास, किती वेळ, त्याआधी काय घडलं. एखादं मूल रोज त्याच तासाला उठून जात असेल, तर बदल त्या तासात हवा. डोकं आपटणं, स्वतःला चावणं दिसलं तर हा कोपरा पुरणार नाही. पालकांशी बोला आणि सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतल्या विशेष शिक्षकांना बोलावताना ती वही समोर ठेवा.