खताचं ढेकूळ, निओसचं तळं आणि कोतवाल बुक

मृगापासून दिवाळीपर्यंतचा हिशेब मांडतोय. मागच्या हिवाळ्यात वहीत विस्मरणात गेलेल्या दुर्घटनांची यादी केली होती. तिच्यातल्या तीन पूर्ण झाल्या, एक अर्धवट लटकली आहे, आणि एक यादीत घालावी की नाही हेच अजून ठरत नाही. नियम जुनाच. टायटॅनिक, चेर्नोबिल, भोपाळ, किल्लारी नको. पारावर नाव काढलं आणि कोणी "हो, ऐकलं आहे" म्हणालं की ती बाद. मुंबई गोदीचा १४ एप्रिल १९४४ चा स्फोट याच नियमात गेला. फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं एकत्र होती म्हटल्यावर जिनिंगवाला दोस्त पटकन म्हणाला, "गाठीतली आग पाण्यानं इझत नाही भाऊ, आतल्या आत धुमसते. मले काय सांगता!" आपल्याकडे १४ एप्रिल म्हणजे जयंतीची मिरवणूक, अग्निशमन सेवा सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो तो या स्फोटात गेलेल्या जवानांसाठी, एवढीच भर मी घातली.

पद्धत थोडी बदलली आहे. आधी मृतांचा आकडा पानाच्या डोक्यावर लिहायचो. पाच-सहा पानं झाली की आकडे नुसते आकडे होतात, रात्री वाचताना ५६१ काय आणि १,७४६ काय, सारखेच वाटायला लागतात. आता डोक्यावर एकच प्रश्न लिहितो: आदल्या दिवशी तिथं काय चाललं होतं?

ओप्पाऊचं पान या प्रश्नानं सुरू झालं, आणि तेही गोठ्याशेजारच्या खोलीत. टिनाचा पत्रा गळत होता, भिंतीला टेकलेल्या युरियाच्या चुंगडीनं (पोत्यानं) ओल धरली. संत्र्याला खत द्यायला म्हणून भाच्यानं ती उचलली अन् ओरडला, "मामाजी, हे तं गोटा झालं ना!" मग घण आणला. तो मारतोय, पांढरे टवके उडताहेत, आणि मी दारात उभा राहून जर्मनीत पोचलेलो.

लुडविगशाफेनजवळ, ऱ्हाइन नदीच्या काठी ओप्पाऊ. तिथं बीएएसएफ या रसायन कंपनीचा खत कारखाना. एका कोठारात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचं मिश्रण, जवळपास ४,५०० टन. आपल्या चुंगडीचं जे झालं तेच त्या ढिगाचं झालं होतं, स्वतःच्याच वजनाखाली दबून दगड. कुदळीनं निघेना म्हणून तिथले कामगार ढिगात भोकं पाडून लहान सुरुंग लावायचे आणि खत मोकळं करायचे. आपण ऐकताना कानावर हात ठेवतो, पण त्यांच्या लेखी ते रोजचं काम होतं. मिश्रणात नायट्रेट ठरावीक प्रमाणाच्या आत असलं तर ते उडत नाही, अशी चाचण्या करून खात्री केलेली. वीस हजारांच्या आसपास सुरुंग उडवून झाले होते आणि काही म्हणता काही झालं नव्हतं. २१ सप्टेंबर १९२१ ला सकाळी ७ वाजून ३२ मिनिटांनी झालं. पाचशे ते सहाशे माणसं गेली, ५६१ हा आकडा जास्त वेळा दिसतो. ओप्पाऊतली दहातली आठ घरं पडली, साडेसहा हजार लोक उघड्यावर आले. आवाज म्युनिकपर्यंत गेला. नागपुरात धडाका व्हावा आणि तो जबलपूरच्या पुढं ऐकू यावा, असं समजा.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की सगळे ४,५०० टन उडाले. ती चूक. उडाला तो साधारण दहावा हिस्सा, बाकीचं खत नुसतं उधळलं गेलं. आणि खरी गोम वेगळीच आहे. स्फोटाच्या काही महिने आधी खत सुकवायची पद्धत बदलली होती. नवा माल जास्त कोरडा, जास्त हलका, आणि सगळीकडे एकसारखा मिसळलेला नव्हता. काही जागी नायट्रेटचं प्रमाण जास्त जमलं असणार. म्हणजे वीस हजार वेळा ज्या खतानं दगा दिला नाही ते खत आता राहिलंच नव्हतं. नाव तेच, कोठार तेच, सुरुंग लावणारे हातही तेच. ही गोष्ट कळायला मला दोन आठवडे लागले आणि त्या दोन आठवड्यांत दुसरं काही वाचलं नाही.

(भाच्यासाठी खुलासा, कारण तो त्यानंतर खोलीत पाऊल टाकेना: युरिया म्हणजे अमोनियम नायट्रेट नव्हे, आणि घण म्हणजे सुरुंग नव्हे. तरी त्यानं उरलेलं ढेकूळ पाण्यात भिजवूनच फोडलं.)

खड्डा वावरात मोजून पाहिला. लांबी १२५ मीटर, रुंदी ९०, खोली १९. टेप तीस मीटरचाच, म्हणून कासऱ्याला गाठी मारून मोजलं. आमच्या बागेत कलमं सहा मीटरवर आहेत. खड्डा लांबट गोल धरला तरी सव्वादोन एकर जागा जाते, म्हणजे अडीचशेच्या आसपास झाडं. आणि खोली आमच्या चाळीस फुटी विहिरीच्या दीडपट. बागेच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंच्या खुणेच्या काड्यांकडे पाहिलं. वहीतला आकडा आणि हे, यांचा काही संबंध नाही. ज्यांच्याकडे वावर किंवा मोकळं मैदान आहे त्यांनी एकदा तरी असं मोजून पाहावं.

पोळ्याच्या सुमारास निओस घेतलं. कॅमेरूनमधलं हे तळं ज्वालामुखीच्या मुखात आहे, दोनशे मीटरपेक्षा जास्त खोल. खालून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड तळाच्या पाण्यात विरघळून राहतो आणि वरच्या पाण्याच्या दाबानं तिथंच कोंडला जातो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो सगळा एकदम वर आला. हवेपेक्षा दीडपट जड वायू दरीदरीनं खाली उतरला, वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत. १,७४६ माणसं आणि साडेतीन हजारांच्या आसपास गुरं, बहुतेक झोपेत. काही लोक कित्येक तासांनी शुद्धीवर आले तेव्हा घरातली, गोठ्यातली सगळी मेलेली. दिव्यात तेल शिल्लक होतं आणि दिवे विझलेले होते. या एका ओळीवर मी अडकलो.

कारण हे आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला उतरण्याआधी जुनी माणसं दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर कोणी उतरायचं नाही. दरवर्षी कुठल्या तरी गावात न सोडता उतरतात, एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि पेपरात चार ओळी येतात. निओसमध्ये अख्खी दरीच विहीर झाली होती.

तान्ह्या पोळ्याला नंदीबैल घेऊन आलेल्या पोरांना हे दाखवायचं ठरवलं. पहिला प्रयोग फसला. गंजात (पातेल्यात) खाण्याचा सोडा आणि निंबूसत एवढं टाकलं की फेस उतू गेला, पणती भिजून विझली, आणि एक पोरगी म्हणाली, "काकाजी, हे तं पाण्यानंच इझलं." बरोबर बोलली. दुसऱ्या वेळी सोडा मोजून घेतला, फेस बसू दिला, आणि वरचा नुसता वायू ओतावा तसा गंज पणतीवर हळूच वाकवला. गंजातून थेंब पडला नाही आणि ज्योत मान टाकून गेली. पोरं गप्प. मग प्रत्येकाला स्वतः करून पाहायचं होतं, घरातला सोडा संपला. बायको अजून त्याचा उल्लेख करते.

पुढचा प्रश्न ठरलेला होता: "मग आपलं लोणार?" एसटीनं जाऊन आलो. लोणारचं विवर उल्का आदळून झालेलं, बेसाल्टमधलं, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. आत उथळ खारं पाणी, त्यामुळं दाब देऊन वायू कोंडून ठेवायला लागते ती खोलीच नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ते मिठात जगणाऱ्या जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांमुळं. निओसचं पाणीही त्या रात्रीनंतर तांबडं झालं होतं, पण तळातलं लोह वर येऊन हवेला लागल्यामुळं. रंग सारखे, कारणं अगदी निराळी. निओसमध्ये २००१ साली तळापर्यंत नळी सोडली. सुरुवातीला पंपानं ओढावं लागतं, मग वायूच पाण्याला वर ढकलत राहतो आणि आपोआप कारंजं चालतं. कोंडलेला वायू असा थोडा-थोडा बाहेर काढतात. मला ही नळी फार आवडली. वहीत तिचं चित्र काढलं आहे, बरं आलं नाही.

कुरिएर खाणीवर फार रेंगाळलो नाही. उत्तर फ्रान्स, १० मार्च १९०६, १,०९९ मृत. युरोपातला सगळ्यात मोठा खाण अपघात. तीन दिवस आधी खाणीच्या एका भागात आग सापडली होती. तो भाग बंद करून बाकीचं काम चालू ठेवलं. वीस दिवसांनी, ३० मार्चला, तेरा जण चालत बाहेर आले, तोवर त्यांना मेलेल्यात धरलेलं. सावनेरकडच्या भूमिगत खाणीत ओव्हरमन (कामावर देखरेख करणारा) असलेल्या मित्रानं मात्र कोळशाच्या धुळीचं गणित समजावलं. पहिला लहान भडका खाली बसलेली धूळ उडवतो, उडालेली धूळ पेटते, ती पुढची धूळ उडवते, असं मैलोनमैल पळत जातं. म्हणून आजही आत चुनखडीची भुकटी मारतात. तो म्हणाला, "आमच्या कपड्यायले लागते नं पांढरी, थेच. बायको इचारते पिठाच्या गिरणीत जाता का." त्यानंच पुढचं नाव दिलं: न्यूटन चिखली, छिंदवाडा जिल्हा, १० डिसेंबर १९५४, खाणीत पाणी शिरून ६३ गेले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. हिवाळ्याच्या यादीत घेतलं आहे.

आता अर्धवट काम. मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्या आज्या-पणज्या याच नावानं ओळखायच्या. देशभरात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसं गेली असा अंदाज धरतात, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा सगळ्यात जास्त सोसलेल्या भागांपैकी. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. ही यादीत असावी का असं काहींना वाटेल, पण पारावर विचारलं तर पंचाहत्तरीच्या आतल्या एकालाही नाव माहीत नव्हतं. नियमात बसली.

जातपडताळणीसाठी ज्यांनी कोतवाल बुकाच्या नकला काढल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद तिथं असते. मीही काकाच्या प्रकरणासाठी एकदा काढली होती, तेव्हा १९१८ चं पान डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि मी फक्त पणजोबाचं नाव शोधत होतो. मूर्खपणा. या वेळी परत गेलो तर दोन हेलपाटे "साहेब नाहीत" मध्ये गेले, तिसऱ्यांदा बुक मिळालं, पण कडेनं उधईनं खाल्लेलं. जे उरलं ते मोडीत. फोटो काढू देईनात, शेवटी नकलेचा अर्ज केला. घरी भिंग घेऊन बसतो. मोडी शिकायला सुरुवात करून चार महिने झाले, आकडे आणि महिने वाचता येतात, नावांत ठेचकाळतो. एवढं मात्र लागलं: ऑक्टोबरच्या नोंदी संपता संपत नाहीत, आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द. ताप. ताप. ताप. मधेच कोतवालाचं अक्षर बदललं आहे. ते का बदललं असेल हे पुढच्या महिन्याच्या पानावर कळेल, नक्कल आली तर.

आणि राहिलं मोवाड. ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर, २०४ माणसं. आमच्याच नरखेड तालुक्यातलं (नागपूर जिल्हा). हे यादीत नियमानं बसत नाही, कारण इथं सगळ्यांना माहीत आहे. चंद्रपूरच्या पलीकडे विचारा, पुण्यात विचारा, कोणाला माहीत नाही. म्हणून दिवाळीनंतर मोवाडहून आमच्या गावात येऊन राहिलेल्या एका मावशीकडे गेलो. वही पिशवीतच ठेवली होती. चहा झाला, संत्री झाली, यंदाचा बहार, भाव, पोरांच्या नोकऱ्या झाल्या. पुराचं काढलं तर त्या म्हणाल्या, "थे नोको इचारू." बरं म्हणालो. निघताना चप्पल घालता घालता सवयीनं तोंडून गेलं, आदल्या दिवशी काय करत होता मावशी?

"आदल्या दिवशी?" त्या लगेच म्हणाल्या. "डवरणी होती नं पराटीत." म्हणजे कपाशीत कोळपणी. मग कोणाचं वावर, जोडी कोणाची, डवऱ्यामागं कोण होतं, दुपारच्या भाकरीसोबत तऱ्होट्याची भाजी होती आणि ती कोणी जास्त तिखट केली होती, हे सगळं पायरीवर उभ्या उभ्या सांगितलं. संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणून सुट्टी लवकर झाली, इथपर्यंत येऊन त्या थांबल्या आणि आत जाऊन माझ्या पिशवीत आणखी चार संत्री टाकली.