यादी तपासायचं वर्ष

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या एमएसएम (म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि हिजडा-ट्रान्सजेंडर प्रकल्पांचं समन्वयाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांत आधी समोर आली ती लाइन लिस्ट. या क्षेत्राबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात, ज्यांना लागण होण्याचा धोका जास्त अशा गटांसाठी संस्थांमार्फत प्रकल्प चालतात. त्यांना आम्ही टीआय म्हणतो, म्हणजे टार्गेटेड इंटरव्हेन्शन. टीआयकडे नोंद झालेल्या प्रत्येक माणसाची यादीत एक ओळ असते. कोड नंबर, वय, कोती की पंथी की डबल डेकर (म्हणजे संबंधात घेणारा, करणारा की दोन्ही), कुठल्या हॉटस्पॉटवर भेटतो, कंडोम किती लागतात, शेवटची तपासणी कधी झाली. दर तीन महिन्यांनी गुप्तरोगांसाठी डॉक्टरची तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी, असा हिशोब.

देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि हिजडा-ट्रान्सजेंडर व्यक्ती यांच्यात ते राष्ट्रीय सर्वेक्षणात तीन ते चार टक्क्यांच्या घरात निघतं. प्रकल्प कशासाठी, हे यातच आलं. पण प्रकल्पाला पैसे मिळतात ते यादीतल्या ओळींवर. साधारण साठ माणसांमागे एक पीअर एज्युकेटर, म्हणजे त्याच समाजातला कार्यकर्ता, त्याच्यावर आउटरीच वर्कर, मग समुपदेशक, मॅनेजर, कंडोम आणि ल्युब्रिकंटचा पुरवठा. ओळी घटल्या की माणसं घटतात, आणि ती माणसं म्हणजे आपलेच पीअर.

मी स्वतः मिरज जंक्शनवर पीअर म्हणून सुरुवात केली. एकेकाळी त्या यादीत माझीही ओळ होती. त्यामुळे यादीतल्या काही ओळी बघूनच कळलं की ही माणसं आता इथं नाहीत. काही तर जगातच नाहीत. तरी दर महिन्याला त्यांना कंडोम ‘दिले’ जात होते.

वार्षिक मूल्यमापन पुढ्यात होतं. बाहेरचे मूल्यमापक येतात, यादीतले कोड उचलतात आणि म्हणतात, ही माणसं भेटवा. त्याआधी तिन्ही जिल्ह्यांची यादी तपासून घ्यायची असं ठरवलं. वरून तसा आदेश नव्हता. एका जिल्ह्यातल्या मॅनेजरनं तर मला स्पष्टच विचारलं, ‘सर, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडताय?’

कोल्हापूरच्या बाजूच्या एका डीआयसीत, म्हणजे आमच्या ड्रॉप इन सेंटरमध्ये, पहिली बैठक झाली. तिथल्या सगळ्यांत जुन्या पीअर म्हणजे एक जोगती अक्का. वय पन्नाशीच्या पुढं, लिहिता-वाचता बेताचंच, पण साठच्या साठ माणसं तोंडपाठ. चटईवर चहाचे कप, मधे छापील यादी. मी कोड वाचायचो, आउटरीच वर्कर त्या कोडचं कम्युनिटीतलं नाव सांगायचा आणि अक्का बोलायच्या. ‘ही पुण्याला गेली, आता तिकडंच असती. ह्यो वारला. कावीळ झालती. हिचं लगीन लावलं घरच्यांनी, बायकोसमोर फोन नको म्हणतोय. ही सौंदत्तीला गेली ती आलीच न्हाई, तिकडंच डेरा धरलाय. ह्यो? ह्यो कोण बाबा, मला म्हाईत न्हाई.’

शेवटच्या वाक्यावर वर्करनं मान खाली घातली. अक्कांनी चहाचा घोट घेतला आणि मला विचारलं, ‘मग दादा, माझ्या साठात किती उरलं?’

प्रश्न अगदी रोकडा होता. पीअरचं मानधन तुटपुंजं, तेही कधी वेळेवर येतं तर कधी दोन-तीन महिने लांबतं. त्यात साठातले पंधरा-वीस खोडले तर त्यांची जागाच जाणार. मला वाटतं, यादीतल्या खोट्या ओळींचं मूळ इथं आहे. लोक त्याला सरसकट भ्रष्टाचार म्हणून मोकळे होतात. गरीब माणसाची रोजी तुम्ही एका आकड्याला बांधलीत, तर तो आकडा राखणारच.

म्हणून क्रम बदलला. खोडायचं नंतर, आधी तीन महिने नवीन माणसं शोधायची. मॅनेजरांची कुरकुर झाली, पण पीअर तयार झाले, कारण ते कामाला कधीच भीत नव्हते. आणि मग असं दिसलं की जुन्या हॉटस्पॉटवर नवीन पोरं येतच नाहीत. एसटी स्टँडची मुतारी, स्टेशनामागचा रस्ता, तळ्याकाठची बाग, सिनेमा टॉकीज, हा आमच्या पिढीचा नकाशा. आता टॉकीज पाडून मॉल झालाय आणि पोरं मोबाइलवर भेटतात. डेटिंग ॲपवर पाच किलोमीटरच्या आत किती जण ‘ऑनलाइन’ आहेत ते बघितलं, तर आमच्या यादीपेक्षा तिथं गर्दी जास्त.

अक्कांना ॲप चालवायला लावण्यात अर्थ नव्हता. पंचविशीतल्या दोन पीअरना ते काम दिलं आणि नियम घालून दिले. प्रोफाइलवर आरोग्य कार्यकर्ता असल्याचं लिहायचं, त्या खात्यावरून स्वतःच्या गाठीभेटी ठरवायच्या नाहीत, कुणाचा फोटो मागायचा नाही, स्क्रीनशॉट काढायचा नाही. पहिले काही आठवडे शिव्याच मिळाल्या. ॲपवरून बोलावून लुटणाऱ्या, व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांचा अनुभव या पोरांनी घेतलेला असतो, त्यामुळे फुकट चाचणी करून देतो म्हणणारा माणूस त्यांना आधी पोलिस वाटतो, मग चोर. डीआयसीत या म्हटलं तर कुणी येईना. शेवटी एका खासगी डॉक्टरांनी रविवारी सकाळी दवाखाना उघडायचं कबूल केलं. डॉक्टरांच्या दवाखान्यात जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. तिथं ओघ सुरू झाला.

इथंच एक गोष्ट कळली, जी जिल्ह्याच्या ऑफिसात बसून कळली नसती. आपल्या तालुक्यात कुणी तपासणी करत नाही. इचलकरंजीचा पोरगा सांगलीला जातो, कऱ्हाडचा कोल्हापूरला येतो, मिरजेचा थेट पुण्याला. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणारा, लॅबवाला, रांगेतला पुढचा माणूस, कुणी ना कुणी पाहुण्यातला निघतोच. पण उद्दिष्टं जिल्हावार. माझ्या पोराची चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात झाली तर ती माझ्या अहवालात दिसत नाही, तो ‘ओव्हरड्यू’ म्हणून लाल रंगात येतो. मग दोन्हीकडे नाव घालायची पद्धत पडते. एकाच माणसाची दोन कार्डं, वर्षात चार चाचण्या, आणि दोन्ही प्रकल्प खूश.

ही दुबार नावं काढायची कशी, यावर बरंच डोकं खाजवलं. सोपा उपाय दिसत होता, दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि मोबाइल नंबर जुळवायचे. तो मी होऊ दिला नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची चाचणी करता येत नाही, त्याची एचआयव्हीची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थेनं त्या सुरक्षित ठेवायच्या असतात. लाइन लिस्टमध्ये स्थिती लिहिलेली नसते हे खरं, पण त्या यादीत नाव आहे एवढंच एखाद्याला घराबाहेर काढायला पुरतं. आणि याद्या होत्या कुठे, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर! फोन नंबरासकट एक्सेलची फाइल, ‘ड्यू लिस्ट मे, अर्जंट’. ज्यांनी नोकरी सोडून वर्ष झालं तेही त्या ग्रुपात. तो ग्रुप त्या दिवशीच बंद केला, फोनमधल्या फायली समोर बसून काढायला लावल्या. पॉझिटिव्ह व्यक्तींच्या पाठपुराव्याची वही फक्त समुपदेशकाच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे, मॅनेजरकडेही नाही.

मग दुबार नावांसाठी सरळ माणसालाच विचारायचं ठरलं. ‘दुसरीकडे कार्ड आहे का? असलं तर चालतंय, फक्त मुक्काम कुठला धरायचा ते तुम्ही सांगा.’ कुणावर डाफरायचं नाही. बहुतेकांनी खरं सांगितलं आणि कारणंही दिली. इकडचा डॉक्टर नीट बोलतो, तिकडं ल्युब मिळतं, इकडचा पीअर माझा जुना पार्टनर आहे म्हणून तिकडं जातो. (यावर कुठल्या मार्गदर्शक सूचनेत उपाय दिलेला नाही.) ज्या प्रकल्पात नाव राहील तिथं नोंद, सेवा मात्र तिन्ही जिल्ह्यांत कुठंही, आणि महिनाअखेरीला फक्त कोडवर देवघेव.

जोगत्यांचा पेच वेगळाच. मंगळवार-शुक्रवार साडी नेसून परडी घेऊन जोगवा मागणारा, एरवी पँट-शर्टात उसाच्या फडात जाणारा, घरी बायको-पोरं. याला एमएसएमच्या प्रकल्पात धरायचं की ट्रान्सजेंडरच्या? दोन्हीकडचे मॅनेजर ओढाओढ करत होते, अर्थात आकड्यासाठी. एका जोगत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘जिथं माझ्या बायकोची पण तपासणी हुईल तिथं घाला.’ विषय संपला. पॉझिटिव्ह व्यक्तीच्या जोडीदाराची चाचणी कार्यक्रमात आहेच, पण निगेटिव्ह माणसाची बायको कुणाच्या यादीत नसते. तिला नेहमीच्या सरकारी चाचणी केंद्रात नेण्याचं काम अक्कांनी अंगावर घेतलं.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा भरते आणि आमच्या भागातली निम्मी ट्रान्सजेंडर यादी गाडीत बसून कर्नाटकात जाते. त्या महिन्याचा अहवाल बघितला तर वाटावं, प्रकल्प बंद पडला. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी मात्र तो खरा धोक्याचा काळ. आता टीएलडी ही रोजची एक गोळी असते, तीन औषधं एकात. तपासणीत पॉझिटिव्ह आलं की सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशी, किती आहेत याची वाट न बघता उपचार सुरू करायचे, हे धोरण २०१७ पासून आहे, आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला तर शारीरिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. पण गोळी चुकवून चालत नाही. यात्रेच्या आधी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून, जादा औषधं मिळावीत म्हणून यादी घेऊन जायचं काम पूर्वी कुणाचंच नव्हतं. आता पौर्णिमेच्या तीन आठवडे आधी समुपदेशक स्वतः एकेकाला गाठतात.

एका रुग्णालयात औषधाच्या रांगेत आधारवरचं पुरुषी नाव मोठ्यानं पुकारायचे. साडीतली बाई उठली की अख्खा व्हरांडा वळून बघायचा. दोघीजणींनी त्यापायी गोळ्या सोडल्या होत्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटलो, कायद्याची प्रत सोबत होती, पण ती काढायची वेळ आली नाही. ‘नंबरनं बोलवा’ एवढीच विनंती, त्यांनी तिथल्या तिथं मान्य केली. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ट्रान्सजेंडर ओळखपत्र काहींनी काढलं, काहींनी नको म्हटलं. गुरूला विचारल्याशिवाय काही करायचं नाही असाही कायदा आहे, आणि तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यापेक्षा जुना आहे. मग आधी गुरूंकडे जाऊन बसलो. पाया पडलो, चहा घेतला, तासभर त्यांच्या गुडघेदुखीवर बोललो. नंतर त्यांनीच चेल्यांना पाठवलं.

मूल्यमापन झालं तेव्हा यादी आधीपेक्षा लहान होती. मूल्यमापकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, संख्या का घसरली? मी खोडलेल्या ओळींचं रजिस्टर पुढं केलं, प्रत्येकीसमोर कारण आणि पीअरची सही किंवा अंगठा. त्यांनी कोड निवडले, आम्ही संमती घेऊन माणसं भेटवली. त्यात ॲपवरून आलेला एक पोरगा होता. तो मूल्यमापकांना म्हणाला, ‘माझं नाव विचारू नका, बाकी काय पायजे ते विचारा.’ त्यांनी नाव विचारलं नाही. गुण बरे मिळाले, एका प्रकल्पातली पीअरची एक जागा मात्र गेली. अक्कांची राहिली.

निपाणी आणि बेळगावची गाठ अजून सुटलेली नाही. तिकडचं राज्य वेगळं, कोड वेगळे, आणि आमची माणसं महिन्यातून दोनदा ती हद्द ओलांडतात. सध्या तिकडच्या एका समुपदेशक ताईंशी फोनवर काम चालतं. त्या मराठी बोलतात, माणूस समोर बसवून त्याच्या परवानगीनं फोन लावतात आणि फक्त तपासणीची तारीख कळवतात. अहवालात त्याला रकाना नाही, म्हणून मी शेरा या सदरात लिहितो.