चवथीच्या गोळ्या आणि लांबलेली पाळी: माझा अनुभव

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेणं आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे नवीन नाही. पण त्याच महिन्यात दिवस गेलेले असले तर ओळखायचं कसं? या घोळातून मी गेले, म्हणून क्रमाने लिहिते.

डॉक्टरांनी नॉरइथिस्टेरॉनची 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली होती, तारखेच्या 3 दिवस आधीपासून. पाच दिवसांचा गणपती पोचवून गोळी थांबवली. थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते, ती आली नाही. छाती ठसठसत होती, पोट फुगलेलं, मळमळ. पण ही गोळीचीही लक्षणं आहेत! ती प्रोजेस्टेरॉनसारखी काम करते आणि गरोदरपणात तेच संप्रेरक वाढतं. शिवाय ही गोळी गर्भनिरोधक नाही, हे पुष्कळजणींना कुणी सांगतच नाही.

फरक कळला तो पुढच्या दिवसांत. गोळीचा त्रास ओसरायला हवा होता, माझा वाढला. किसमुरीसाठी (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीसाठी) सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तव्यावर टाकली की वासानेच पोटात ढवळायचं. रात्री दोनदा लघवीला उठणं, दुपारी डोळे मिटणं. तरी लक्षणांवर निर्णय ठेवू नका. गोळी थांबवून 7 दिवसांत पाळी आली नाही तर तपासणी कराच. मधे एखादा गुलाबी किंवा तपकिरी डाग पडून थांबला तर तीही पाळी समजू नका.

मी घाईने दुपारी गरोदरपण तपासायचं किट वापरलं, तेही पेज आणि तांब्याभर पाणी पिऊन. लघवी पातळ, त्यामुळे 'टी'पाशी (गर्भ असला तर जिथे रेघ उमटते तिथे) रेघ इतकी फिकी की खिडकीशी नेऊन बघावी लागली. फिकी असली तरी रंगीत रेघ म्हणजे बहुतेक वेळा गर्भ आहेच. 2 दिवसांनी पहाटेच्या पहिल्या लघवीवर पुन्हा केलं. पावसाळी दमट हवेत पट्टी खराब होते, म्हणून पाकीट आयत्या वेळी फोडायचं आणि तारीख आधी बघायची. ड्रॉपरने 'एस'च्या खळग्यात 3 थेंब, पट्टी सपाट जागी, 5 मिनिटं थांबायचं. या वेळी दोन्ही रेघा ठसठशीत होत्या. 10 मिनिटांनंतर उमटलेली करडी रेघ धरू नका, ती सुकल्याची खूण असते. 'सी'ची रेघ, म्हणजे किट चालतंय हे दाखवणारी, आलीच नाही तर किट फुकट गेलं. सरकारी उपकेंद्रात निश्चय किट मोफत मिळतं, तेही याच पद्धतीचं.

डॉक्टरांकडे दोन तारखा लिहून न्या: शेवटच्या खऱ्या पाळीचा पहिला दिवस, आणि गोळ्या कधीपासून कधीपर्यंत घेतल्या. आठवडे पहिल्या तारखेपासूनच मोजतात. गोळ्या लपवू नका. मला फोलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, 12 आठवड्यांपर्यंत, सुरू झालं आणि सातव्या आठवड्यात सोनोग्राफी. गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे त्यातच दिसतं, किटवर दिसत नाही.

म्हणून त्याआधी ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, रक्तस्राव किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.