डेक्कन क्वीन सोडून बार्शी लाइट?

टेबलावरची माझी मॉडेल रेल्वेगाडी दोन फेऱ्या मारते आणि पाहुण्यांचे प्रश्न सुरू होतात. धूर निघतो का? नाही निघत. तेल तापवून धूर सोडणारी छोटी नळकांडी मिळतात, पण ते तेल रुळांवर उतरतं आणि चाकं घसरायला लागतात. मग पुण्याचा माणूस असेल तर हमखास विचारतो, "एवढा खटाटोप करता, तर डेक्कन क्वीन का नाही केलीत? ही बार्शी लाइट कुठून काढलीत?" बार्शी लाइट म्हणजे बार्शीकडची जुनी, अरुंद रुळांची रेल्वे. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. उत्तर भावनेचं कमी आणि भागाकाराचं जास्त आहे.

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. मला हौस वाफेच्या इंजिनांची. चाकाचाकांना जोडणारा दांडा फिरताना दिसला नाही तर मला गाडी चालल्यासारखी वाटतच नाही. पण ही अट सोडली तरी अडतं ते गेजपाशी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरापाशी.

माझं मॉडेल एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणातलं. त्याचे विकतचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवरून बेतलेले. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ ने भागा, सव्वाएकोणीस येतात. म्हणजे विकतच्या रुळांवर आपला डबा पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. बरेच लोक तेवढं चालवून घेतात, त्यांचं काही चुकत नाही. मला मात्र समोरून बघताना खुपतं. १:१०० प्रमाण घेतलं तर १६.७६ येतात, म्हणजे जवळजवळ नेमके. पण त्या प्रमाणाची चालती इंजिनं आणायची कुठून? आर्किटेक्ट लोक मॉडेलमध्ये उभी करतात ती माणसं तेवढी मिळतात.

माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरची. भागाकार ७. तेवढा अरुंद रूळ सहज मिळत नाही, हाताने घालावा लागतो.

बार्शी लाइट होती ७६२ मिलिमीटरची. ८७ ने भागलं की पावणेनऊ. आणि एन गेज या एचओहून लहान मॉडेलांचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरचा फरक सोडून द्यायला माझी हरकत नाही. एन गेजचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, ते तेवढे नडतात. मी एकाआड एक कापून टाकतो आणि उरलेले मातीत पुरतो.

याहून मोठं कारण म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. त्याचा हट्ट असा, की कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग वाराला ३० पौंडांचा हलका रूळ पुरतो. डब्यांसाठी त्याने दाबून घडवलेल्या पोलादाचा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असा एकच सांगाडा ठरवला. वर मालाची वाघीण बसवा नाहीतर प्रवासी डबा, खाली तोच. हे त्याने पैसे वाचवायला केलं, पण फायदा माझाही झाला. सांगाड्याचा एक साचा केला, त्यातून रेझिनचे हवे तेवढे सांगाडे काढले. वरचं तेवढं वेगळं करायचं. आणि २५ फूट म्हणजे माझ्या टेबलावर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर. नेहमीचा ७० फुटी निळा डबा याच प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. माझ्या वळणाची त्रिज्या २५ सेंटिमीटर! तो डबा तिथे वळवून दाखवावा कुणीतरी.

इंजिनाने मात्र घाम काढला. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, भार वाटायला आठ चालक चाकं आणि मागे चार छोटी. तसलं मॉडेल तयार कोण देणार? मी जपानच्या डी ५१ या इंजिनाचं एन गेजमधलं मॉडेल घेतलं. त्यालाही आठ चालक चाकं. खऱ्या डी ५१ ची ही चाकं १४०० मिलिमीटरची आणि जपानी एन गेज १:१५० चं, त्यामुळे मॉडेलमधली चाकं ९.३ मिलिमीटर, माझ्या प्रमाणात ती ८१ सेंटिमीटरची ठरतात. नॅरोगेजच्या इंजिनाला शोभतील अशीच. वरचं कवच उतरवलं, पुढचा आस काढला, मागे बोगी, म्हणजे चार छोट्या चाकांची चौकट, जोडली आणि पितळी पत्र्याचं नवीन अंग चढवलं. किटसनचं इंजिन पाणी स्वतःच्याच अंगावर बाळगायचं, त्यामुळे मागचं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची जोडगाडी, गेलं, आणि रुळांवरून टेंडरच्या चाकांवाटे मोटारीला मिळणारी वीजही गेली. इंजिन प्रत्येक सांध्यावर अडू लागलं. शेवटी मागच्या बोगीच्या चाकांना फॉस्फर ब्राँझच्या बारीक पट्ट्या टेकवून वीज घेतली, तेव्हा ते सुरळीत चालायला लागलं.

डेक्कन क्वीनच हवी असेल तर ज्याच्याकडे हॉल रिकामा आहे आणि बायकोची हरकत नाही अशा कुणाला तरी गाठा. बघायला मीही येईन. मला सध्या पंढरपूरचं स्टेशन करायचंय, आणि आषाढीची गर्दी दाखवायची तर १:८७ ची धोतरातली माणसं कुठे मिळतात ते कुणाला माहीत असेल तर कळवा.