वाफ्यात नाही, असं मी सांगितलं होतं

आजींनी बोट दाखवलं होतं ती जागा बरोबर होती. अंगठी तिथेच होती, आणि मी पहिल्यांदा शोधायला गेले त्या दिवशीही तिथेच होती.

हरवलेल्या अंगठ्या मेटल डिटेक्टरने शोधून देणं हे माझं काम. बहुतेक लग्नातल्याच असतात. लोकांना वाटतं, यंत्र फिरवलं की ते सोन्यापाशी येऊन वाजतं. यंत्राला सोनं कळत नाही. यंत्राच्या दांड्याला खाली तारेच्या वेटोळ्याची चपटी तबकडी असते, तिला कॉइल म्हणतात. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, तिथल्या धातूत भोवऱ्यासारखा विजेचा प्रवाह फिरतो आणि त्याचं उत्तर कॉइलकडे परत येतं. त्या उत्तरावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, बस. साध्या सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि शीतपेयाच्या डब्याच्या ओढायच्या कडीचा आकडा इतके जवळ येतात की कडीचा आकडा गाळला तर अंगठीही गळते. म्हणून अंगठी शोधणाऱ्याने प्रत्येक कडी खणायची असते. चॉकलेटचा चंदेरी कागदसुद्धा. पडद्यावर 'सोनं' अशी पट्टी दाखवून यंत्रं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या पट्टीवर विसंबून किती जणांनी अंगठीवरून कॉइल फिरवून पुढे पाऊल टाकलं असेल!

कामाचा अर्धा भाग मात्र यंत्र हातात घेण्याआधीच होतो. कुठला हात, अंगठी सैल होती का, हात ओले होते का, हातमोजे कधी काढले, कुठे झटकले. थंड पाण्याने बोटं आकसतात, साबणाने निसटतात. आणि माणसाच्या जे लक्षात राहतं ते अंगठी गेल्याचं कळलं ते ठिकाण, गेली ते नाही. दोन्हींत कधी चार पावलांचं अंतर असतं, कधी अख्ख्या मैदानाचं. काही जण 'निसटली' म्हणतात, पण भांडणात फेकलेली असते. अशा वेळी मी काही विचारत नाही. अंगठीच्याच वजनाचा एक वायसर त्यांच्या हातात देते, म्हणते, जिथे उभे होतात तिथे उभे राहा आणि हात तसाच हलवून दाखवा. वायसर लांब जाऊन पडतो, आम्ही दोघंही गप्प राहतो आणि मी तिकडे दोऱ्या बांधायला जाते. असं बऱ्याचदा झालं की सांगणाऱ्याच्या खात्रीवरचा विश्वास उडतो. माझा उडाला होता.

आजींच्या मुलाचा फोन आला तेव्हा अंगठी जाऊन एकच दिवस झाला होता. ही चांगली गोष्ट. त्याआधी घरच्यांनी खुरप्याने उकरून ठेवलं नव्हतं, ही त्याहून चांगली. आजींनी आदल्या सकाळी नळाजवळच्या वाफ्यात रोपं लावली होती. दुपारी हात धुताना बोट मोकळं दिसलं. त्या मला वाफ्यापाशी घेऊन गेल्या आणि कडेपासून तिसऱ्या रोपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथेच गं. खड्ड्यातून हात काढला तेव्हा काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. अंगठी सांध्यावर अडते नेहमी, तेव्हा अडली नाही."

याहून नेमकी साक्ष मला क्वचितच मिळाली असेल. पण मुलाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आईच्या हल्ली फारसं लक्षात राहत नाही." मी मान डोलावली. आजींच्या सोबतीला असणारी ताई नळापाशी बादली भरत होती. तिनेच रोपं लावताना पाणी घातलं होतं आणि उरलेला पालापाचोळा उचलून नेला होता.

मी खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या. हात हातभर रुंदीचे पट्टे, कॉइल जमिनीला समांतर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्यावर चढलेली. यात मी कधी हयगय करत नाही. वाफा मात्र वाईट होता. पूर्वी त्याला लाकडी फळ्यांची कड होती. फळ्या कुजून मातीत मिसळल्या आणि खिळे मागे राहिले. माती चाळवताना ते सगळीकडे पसरले होते. यंत्र अखंड गुरगुरत होतं. त्या गुरगुरीत नेमकं काही ऐकू येईना, म्हणून मी लोखंड गाळायचं बटण वाढवलं. यंत्र शांत झालं. आमच्या कामात ही शांतता फार मोहात पाडते. कानाला बरं वाटतं, हात भराभर फिरतो आणि वाटतं, आता राहिलं ते सगळं कामाचं.

वाफ्यातून एक नाणं निघालं, दोन कड्या निघाल्या, नळाची पितळी चकती निघाली. मग मी हिरवळ पाहिली, पाचोळ्याचं पोतं रिकामं करून पाहिलं, सांडपाण्याच्या नाळीत हात घातला. सगळं मिळून साडेतीन तास. शेवटी हेडफोन गळ्यात उतरवून म्हणाले, "आजी, अंगठी बागेत नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. मुलाने मान हलवली, पण माझ्याकडे बघून नाही. तो ताईकडे बघत होता. ताईने भरलेली बादली खाली ठेवली, उचलली, परत खाली ठेवली. हे मी पाहिलं. पाहूनही मी कॉइलची माती पुसत राहिले, कारण ते त्यांच्या घरातलं होतं.

महिन्याभराने मी चौकशीला फोन केला. अंगठी घरात कुठे सापडली का, हे मी नेहमी विचारते. मुलगा म्हणाला, "नाही. आता आईकडे दुसरी बाई ठेवली आहे." मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला.

घरामागे माझी सरावाची जागा आहे. पाच, दहा, पंधरा, वीस सेंटिमीटरवर वेगवेगळ्या अंगठ्या आणि नाणी पुरलेली, प्रत्येकाची खूण वहीत. नवीन कॉइल आली की आधी तिथे फिरवायची. पाच महिन्यांनी मी सहा इंची छोटी कॉइल घेतली. माझी नेहमीची अकरा इंची. मोठी कॉइल खोल बघते, पण तिला एका वेळी बरंच काही दिसतं आणि शेजारशेजारच्या दोन वस्तू ती एक करून टाकते. छोटी खोल जात नाही, पण शेजारी वेगळे पाडते. हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तरी वाटलं, एकदा अवघड करून पाहू. १८ कॅरटची एक जुनी अंगठी, आत ७५०चा शिक्का असलेली, मी आडवी न ठेवता उभी पुरली. बाजूला चार बोटांवर एक गंजका खिळा.

आडव्या अंगठीच्या पोटातून चुंबकीय क्षेत्र सरळ जातं, प्रवाह अख्ख्या कड्यातून गोल फिरतो आणि आवाज भरदार येतो. उभी राहिली तर वरून पाहणाऱ्या कॉइलला तिची नुसती धार दिसते. त्यात शेजारी लोखंड असलं आणि लोखंड गाळायला सांगितलेलं असलं, तर यंत्र खिळ्यावर आवाज दाबतं आणि पुन्हा ऐकू लागेपर्यंत कॉइल अंगठी ओलांडून गेलेली असते. हे वाचून माहीत असणं वेगळं. मी मोठी कॉइल लावली, लोखंड गाळायचं बटण आजींच्या बागेत होतं तेवढंच ठेवलं आणि फिरवली. काही नाही. अस्पष्ट नाही, तुटक नाही. अगदी काहीच नाही. गाळणी पूर्ण काढली आणि हळू फिरवली तेव्हा लोखंडाच्या गुरगुरीत एक बारीक टिचकी ऐकू आली, तीही पूर्व-पश्चिम फिरवलं तर. उत्तर-दक्षिण फिरवलं की नाहीशी. मी हेडफोन काढले आणि तिथेच बसून राहिले.

या धंद्यात एक जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १८८१च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन आले. माणसाच्या अंगातला धातू शोधण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. तो फसला. एक तर पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या. दुसरं म्हणजे उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूलाच आहे, आणि बेल यांना उजवी बाजूच तपासू दिली. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी पाठीच्या कण्याच्या डावीकडे निघाली. ही गोष्ट मी कित्येकदा सांगितली आहे आणि दर वेळी स्वतःला बेलच्या जागी ठेवून सांगितली आहे: यंत्र चांगलं, लोकांनी नीट शोधू दिलं नाही. त्या दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं की आजींच्या बागेत मी डॉक्टरच्या जागी होते. नेमकी जागा सांगणारी त्या होत्या. खात्री माझी होती.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "झालं ते झालं, आता आईला परत आशा लावू नका." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आशा लावून रिकाम्या हाताने परतणारे हौशी शोधक मी पाहिलेत, मागे खड्डे तसेच उघडे टाकून जाणारे. पण आजींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "ये गं तू."

रोपं गुडघ्याएवढी झाली होती. आजींनी मोजून तिसरं दाखवलं. या वेळी दोऱ्या नाहीत, घाई नाही. छोटी कॉइल, गाळणी बंद, आणि आधी खिळे. एकेक खिळा पिनपॉइंटरने, म्हणजे नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या शोधकाने, गाठायचा, काढायचा, डब्यात टाकायचा, पुन्हा कॉइल फिरवायची. लोखंड कमी होत जातं तसतशी जमीन बोलायला लागते. हे ऐकलेल्यालाच कळतं. दीड तासात सव्वीस खिळे निघाले. शेवटच्या खिळ्यानंतर रोपाच्या नळाकडच्या बाजूला एक स्वच्छ, पुन्हा पुन्हा येणारा सूर लागला. एका दिशेने बारीक, आडव्या दिशेने दुहेरी: उभ्या वस्तूवरून जाताना कधी कधी येतो तसा, कॉइल जवळ येताना एक आणि पुढे जाताना एक.

मुळांना धक्का नको म्हणून हातानेच माती काढली. नऊ सेंटिमीटर. अंगठी खड्ड्याच्या जुन्या भिंतीला टेकून उभी होती, कुणी कपाटात ताटली लावून ठेवावी तशी. सोन्याला माती लागते, पण चढत नाही. अंगठ्याने पुसली तर खाली पिवळी लखलखीत कड. आजींच्या बोटामुळे आतली बाजू इतकी झिजली होती की शिक्क्याचा ७ तेवढा वाचता येत होता.

एरवी या क्षणी लोक रडतात, मिठी मारतात, फोटो काढतात. आजींनी अंगठी तळहातावर घेतली, मूठ मिटली आणि मुलाला म्हणाल्या, "तिला बोलाव." कोणाला, ते त्याने विचारलं नाही.

त्या मुलाला दोष देणं सोपं आहे. मीही दोन रात्री दिला. पण त्याने काय केलं? यंत्र घेऊन आलेल्या, दोऱ्या बांधून साडेतीन तास राबलेल्या जाणकार बाईचं ऐकलं. मला फक्त एवढंच म्हणता येत होतं की मला सापडली नाही. मी म्हणाले, नाही. या दोन वाक्यांमधल्या जागेत एका बाईचं काम गेलं. तेव्हापासून मी वहीत 'तपासलं' असं लिहीत नाही. कुठली कॉइल, लोखंड किती गाळलं, कुठल्या दिशेने फिरवलं आणि काय ऐकू येण्याची शक्यता नव्हती, ते लिहिते. बोलावणाऱ्यांना तो कागद देते. काहींना तो आवडत नाही. त्यांना हो किंवा नाही हवं असतं.

ताई तीन दिवसांनी आली. त्या दिवशी मीही येईन, असं मी आजींना सांगून ठेवलं होतं. मुलगा दारात उभा राहून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. आजींनी तिला आपल्या शेजारी बसायला सांगितलं. ती बसली नाही. मला म्हणाली, "कुठे होती, दाखवा."

मी वाफ्यापाशी नेलं. ती उकिडवी बसली आणि तिसऱ्या रोपाच्या बुडाशी तळवा टेकवला.

"किती खोल?"

मी तिच्या मधल्या बोटावर खूण केली, टोकापासून मुळापर्यंत आणि थोडं पुढे.

"मी रोज पाणी घालायचे इथे," ती म्हणाली. मग अंगणात ठेवलेल्या माझ्या यंत्राकडे बघितलं. "तेव्हा हेच होतं का?"

"हेच होतं," मी म्हणाले. "तेव्हा मी खिळे काढले नव्हते."